रविवारची घंटा

आदिलाबाद
१४ डिसेंबर, मंगळवार

गुरुजी,

इतकी वर्षं तुम्हाला काही लिहिलं नाही, माफ करा. हे वाक्य सवयीने उतरलं. उतरल्यावर थांबले, कारण तुमच्या-माझ्यात माफी मागायची पाळी माझी नाही. पण खोडत नाही. डायरीत मी खाडाखोड करत नाही, आणि तुम्हाला जाऊन इतका काळ लोटलाय की एखादी माफी जास्तीची मिळाली म्हणून तुमचं काही वाढणार नाही.

आज तुमची मुलगी आली होती. अमेरिकेहून येऊन तिला आठवडा झाला. परवा, गुरुवारी, आपल्या गावच्या शाळेत तुमचा फोटो लावायचा आहे, त्यासाठी ती आलीय. मला तिने पत्र आधीच पाठवलं होतं, की एक दिवस माझ्यासाठी राखून ठेव, मला शहर पाहायचंय. शहर म्हणजे आदिलाबाद. तिच्या तिकडे सत्तर मजल्यांच्या इमारती असतील, पण शहर म्हटलं की तिच्या डोळ्यांपुढे अजून तेच येतं जे तुम्ही सातवीच्या वर्गाला एका रविवारी दाखवलं होतं. पहिल्यांदा रेल्वे स्टेशन, मग कापसाची जिनिंग, मग तुमच्या बहिणीकडे जेवण. तिला त्याच क्रमाने सगळं पाहायचं होतं. "नानांनी दाखवलं तसंच," ती म्हणाली. भाड्याची मोटार तिने कॉलेजच्या फाटकाशी सोडून दिली आणि आम्ही आटो केला. मी या कॉलेजात इतिहास शिकवते, हे तुम्हाला कळवायचं राहून गेलं होतं. तुम्हाला बरं वाटलं असतं.

आटोवाला तेलुगू. मी त्याच्याशी तेलुगूत बोलले तशी तुमची मुलगी लाजली, तिचं सगळं विसरलंय. स्टेशन म्हटल्यावर त्याने आमच्याकडे सामान आहे का पाहिलं. "अब्बी तो गाडी नहीं है, मॅडम. जाके क्या करते?" त्याने तिच्यासाठी हिंदी काढली. ती म्हणाली, "देखना है." "गाडी नहीं तो क्या देखते?" असं म्हणून तो बिचारा आम्हाला घेऊन गेला. फलाटावर एक कुत्रं, पाण्याचा नळ, शेंगा सोलत बसलेला हमाल. ती फलाटाच्या टोकाला जाऊन उभी राहिली. थंडी होती, तिने शाल घेतली होती, तरी डोळ्यांतलं पाणी थंडीचं नव्हतं. "इथं इंजिन पाणी पीत होतं, आठवतं? आणि नाना म्हणाले, बैल पितो तसं ते पितं, फक्त शेपूट हलवत नाही." मी म्हणाले, "आठवतं. आणि शिटी झाली तशी सगळ्या पोरी एकमेकींना बिलगल्या." "तू तर माझ्या फ्रॉकचा पट्टाच तोडलास!" ती हसली. मीही हसले.

गुरुजी, मी त्या दिवशी तिथे नव्हते. हे आज सकाळपर्यंत फक्त तुम्हाला आणि मला ठाऊक होतं. तिचा दोष नाही. त्या सहलीनंतर पार होळीपर्यंत मी तिला शाळेच्या पायरीवर बसवून सगळं विचारून घेतलं होतं. इंजिनाला चाकं किती मोठी, तुझ्या छातीएवढी की डोक्याएवढी? जिनिंगमध्ये सरकी कुठून पडते, रुई कुठून निघते? आत्याकडे कोण कुठे बसलं, आधी काय वाढलं? ती सांगायची, मी पुन्हा विचारायची, ती पुन्हा सांगायची. इतक्या वेळा सांगितल्यावर तिने मला त्या बसमध्ये, खिडकीजवळ, आपल्या शेजारी बसवून घेतलं. फ्रॉकचा पट्टा तोडणारी पोरगी तिला आठवते, फक्त तिच्या चेहऱ्यावर तिने माझा चेहरा लावलाय. मलाही ती सहल इतकी पाठ आहे की कोणी परीक्षा घेतली तर मी तिच्यापेक्षा जास्त गुण मिळवीन. म्हणून स्टेशनात तिला खोटं पाडायचं मनात आलं नाही. उलट क्षणभर असं वाटलं की असू दे, एकीच्या तरी मनात मी तिथे होते.

ते जिनिंगपर्यंत टिकलं. डिसेंबर म्हणजे कापसाचा हंगाम, रस्त्यावर बैलबंड्यांची रांग, बैलांच्या शिंगांना कापूस चिकटलेला, आत यंत्रांचा इतका आवाज की ओरडून बोलावं लागतं. सरकीच्या ढिगापाशी उभं राहून ती मला ओरडून सांगायला लागली की परवाच्या कार्यक्रमात मी काय बोलावं. तिने ठरवूनच आणलं होतं. फोटोला हार घालून झाला की पहिलं भाषण माझं. "तू सहलीचंच सांग," ती म्हणाली. "नाना सगळ्यांना सारखं मानायचे. पाटलाच्या घरातला माणूस, त्या काळात, त्या गावात, पण त्यांनी तुला-मला एका बाकावर बसवून शहर दाखवलं. मी सांगितलं तर लोक म्हणतील मुलगी आहे, सांगणारच. तू सांगितलंस की पटेल." मी विचारलं, "माझ्याच तोंडून का?" ती थोडी गडबडली. "अगं, म्हणजे… तुला माहीत आहे मला काय म्हणायचंय."

मला माहीत होतं. आमच्या वाड्यातून सातवीपर्यंत टिकलेली मी एकटी. बौद्धवाड्यातल्या बाईने उभं राहून म्हणायचं की गुरुजींनी भेद केला नाही, मग तुमचा फोटो भिंतीवर पक्का बसतो. तुमच्यासाठी लागणारा खिळा मी.

यंत्रांच्या आवाजाबाहेर, फाटकाशी चहा घेताना मी तिला म्हणाले, "मी आले नव्हते त्या सहलीला." ती हसली. "चल गं." मी म्हणाले, "खरंच." "असं कसं? तू खिडकीशी बसली होतीस." मी म्हणाले, "खिडकीशी कोण होतं ते तू आठवून बघ. मी शाळेत होते. घंटा देत होते."

आणि मग तिला सांगितलं ते, जे तुम्हाला सांगायची गरज नाही, तरी एकदा माझ्याकडून ऐका. मी पहाटे उठून, आईने बांधून दिलेली भाकरी घेऊन पाराशी आले होते. बस यायची होती, पोरं नाचत होती. तुम्ही मला बाजूला घेतलंत. रागावला नाहीत, कधीच रागावत नव्हता. माझ्या खांद्यावर हात ठेवलात. हो, हात ठेवलात, तेवढं मी तुमच्या बाजूने लिहिते. म्हणालात, "तू वर्गाची पहिली. आता मी सगळ्यांना घेऊन चाललो, तर शाळा कोणाच्या भरवशावर सोडू? रविवारी शाळा मोकळी असली की गुरं शिरतात, कोणी खडू नेतं. तू असलीस की मला घोर नाही. तासातासाला घंटा दे, म्हणजे गावाला कळेल शाळा जागी आहे." आणि तुमच्या खिशातली किल्ली माझ्या हातात दिलीत. ती किल्ली तुम्ही कोणालाही देत नव्हता, स्वतःच्या मुलीलाही नाही. बस आली, गेली, मी हातसुद्धा हलवला. मला वाटलं, यांना फक्त आदिलाबाद मिळालंय, मला शाळा मिळालीय.

दिवसभर मी घंटा दिली. पाराशी बसलेला एक म्हातारा ओरडला, "काय वं पोट्टे, आयतवारी कोनाची शाळा भरवली?" मी शाळेच्या पायरीवरून ओरडले, "गुरुजींनी सांगितलंय!" संध्याकाळी आई कापूस वेचून आली. मी तिला सगळं सांगितलं, किल्लीचं, घंटेचं. ती हातपाय धूत होती. धुता धुता थांबली आणि म्हणाली, "माय, शाळेत एकबी लेकरू नोहोतं. मंग घंटी कोनासाठी वाजवली तू?" एवढंच. मग मला जेवायला वाढलं. ती सकाळची भाकरी मी खाल्लीच नव्हती, तीच तिने निखाऱ्यावर गरम करून दिली.

तुमच्या मुलीने सगळं ऐकलं. चहा निवून गेला. मला वाटलं, आता तिला कळलं. तर तिचा चेहरा उजळला, गुरुजी! "बघ!" ती म्हणाली. "किती विश्वास होता त्यांचा तुझ्यावर! किल्ली दिली! मला कधी हात लावू दिला नाही त्या किल्लीला. हे सांग परवा, हे तर सहलीपेक्षाही छान आहे."

 तुमचं काम इतकं चोख होतं. तीस वर्षांनी, सगळं उघडून पुढे ठेवलं तरी त्यातून तुमचा मोठेपणाच निघाला. मी स्वतःच तो कितीदा काढला होता! कॉलेजात गेले तरी मैत्रिणींना मी किल्लीची गोष्ट अभिमानाने सांगत होते. आईचा प्रश्न मला ऐकू आला होता पण समजायला मला बावीस-तेवीसची व्हावं लागलं, आणि तोवर तुम्ही गेला होता. तुम्ही गेल्याचं कळलं तेव्हा मी हैदराबादच्या वसतिगृहात होते, दोन दिवस जेवले नाही. ज्याने आमच्या लोकांना सरळ हाकललं, त्याच्यावर आम्ही रागावू शकलो. तुम्ही मला रागवायची सोयसुद्धा ठेवली नाही. उलट तुमचे आभार मानायला लावलेत. हेच मला माफ करता येत नाही, बसमध्ये जागा न मिळणं नव्हे.

मी तिला एवढंच म्हणाले, "चल, भूक लागली. तुझ्या आत्याकडे जाऊ."

तुमची बहीण अजून त्याच घरात आहे. पुढचा भाग मोबाइलच्या दुकानाला दिलाय, मागे स्वयंपाकघर तेच. ऐकू कमी येतं, पण हात चालतात. सुनेला बाजूला सारून त्यांनी स्वतः वाढलं. ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी, कढी. आम्ही दोघी पाटाला पाट लावून बसलो होतो. तुमची मुलगी खुशीत होती, भिंतीकडे बोट दाखवून म्हणाली, "इथंच बसलो होतो सगळे, ओळीनं." मी घास खाली ठेवला आणि विचारलं, "आत्याबाई, त्या सहलीच्या दिवशी मी आले असते, तर मला या ओळीत वाढलं असतं का?"

"आँ?" त्या म्हणाल्या.

तुमची मुलगी पुटपुटली, "जाऊ दे ना." मी मोठ्याने पुन्हा विचारलं. सून दारात येऊन उभी राहिली. तुमच्या बहिणीने माझ्याकडे नीट पाहिलं. मी कोण, कुठल्या वाड्यातली, हे त्यांना ठाऊक होतं, येतानाच विचारून घेतलं होतं.

"तवा?" त्या म्हणाल्या. "तवा कायचं वाढतो वो बाई. खोटं काऊन बोलू? सासू जिती होती माही. तुले वाढलं असतं तर तिनं मलेच घराभायेर काढलं असतं."

"मग गुरुजींना तुम्ही सांगितलं होतं का, मला आणू नका म्हणून?"

"म्या काय सांगतो? त्यानं ईचारलंच नाही. आदल्या दिशी निरोप धाडला, एवढी लेकरं येऊन राह्यली, जेवू घाल. निवडून आणली त्यानं. त्याले मालूम होतं ना, आमच्या घरचं." मग त्या माझ्या ताटाकडे पाहून रागावल्या. "आता काऊन हात थांबवला? आता वाढून राह्यली ना मी? खाय. कढी घे."

मी खाल्लं, गुरुजी. तुमच्या मुलीचा हात मात्र ताटातच राहिला. ती भिंतीकडे पाहत होती, त्या ओळीकडे, आणि मला कळलं की ती आता एकेक चेहरा तपासतेय, खिडकीशी कोण होतं, आपल्या शेजारी कोण होतं, आणि कोण नव्हतं. आतापर्यंत तिच्या आठवणीत तुम्ही जसे होता, तसे आता ती तुम्हाला पुन्हा पाहू शकणार नाही. माझ्या समोर, तुमच्याच बहिणीच्या तोंडून, तुमच्या लेकीच्या मनातून तुम्ही खाली उतरलात. आणि मला बरं वाटलं. मी माझं मन पुष्कळ तपासलंय, त्यात न्याय किती आणि सत्य किती ते पाहिलंय. बहुतेक सगळा सूडच आहे. मी कढी दुसऱ्यांदा मागून घेतली.

 बाहेर पडल्यावर मोबाइलच्या दुकानासमोर, लोक येत-जात असताना, तिने माझा हात धरला. "परवा हे बोलू नको."

"तूच म्हणालीस, किल्लीची गोष्ट सांग."

"नको सांगू. काहीच नको सांगू. हार घालू, फोटो लावू, आणि जेवू." मग म्हणाली, "नानांना जाऊन किती वर्षं झाली. मेलेल्या माणसावर कसला सूड उगवतेस?"

"जिवंत होते तेव्हा ते माझे गुरुजी होते," मी म्हणाले. "तेव्हा कसा उगवणार होते?"

तिला रडू आलं. ती वाईट बाई नाही. शाळेत तिने मला आपली पाटी दिली होती, तुमच्या नकळत घरची चिंचही आणून द्यायची. तिने बापाबद्दल माझ्याकडून एक सुंदर वाक्य मागितलं, एवढाच तिचा गुन्हा. हे सगळं मी आटोत बसल्या बसल्या तिच्या बाजूने मांडलं, आणि तरी तिला हो म्हणाले नाही. ती म्हणाली, "निदान आत्यासमोर नको. मी तिला आणतच नाही." पण निघताना तुमच्या बहिणीने दारातून तिला बजावलं होतं, "परवा गाडी धाडजो. भावाचा फोटो लागते आन् मी घरी बसतो काय?" न आणून ती कुठे जाणार?

आता परवा काय बोलायचं ते मी ठरवलंय. तुमची निंदा करणार नाही. तुम्ही चांगलं शिकवत होता, हे आधी सांगणार. किल्ली दिली हेही सांगणार. मग रविवार होता हे सांगणार. मग आईचा प्रश्न, तिच्याच शब्दांत, आणि खाली बसणार. गावातले लोक शहाणे आहेत, तुमच्या मुलीसारखे दूर राहिलेले नाहीत. त्यांना पुढचं सांगावं लागणार नाही. फोटो लागेलच, मी तो काढायला सांगणार नाही. लागू दे. रोज शाळेत येणाऱ्या पोरांना त्याच्याकडे पाहू दे आणि गावाने त्यांना ती गोष्ट सांगू दे.

मघाशी आरशासमोर उभी राहून भाषण म्हणून पाहिलं. आईच्या प्रश्नाआधी कुठे थांबावं ते जमत नव्हतं. लवकर थांबलं तर लोकांना आधीच कळतं, उशिरा थांबलं तर वाक्य पडतं. तीन-चारदा म्हणून पाहिलं. शेवटी बरोबर जागा सापडली, आणि सापडली त्याच क्षणी मी काय केलं ते कोणाला सांगण्यासारखं नाही, म्हणून इथे लिहिते. मी समोर पाहिलं, जिथे पहिली रांग असेल तिथे, तुम्ही मान डोलावलीत का ते पाहायला. हे पत्र मी फाडणार नाही आणि कुठे पाठवायची सोयही नाही. पण एवढं खरं की तुम्हाला उघडं पाडणारं वाक्य चांगलं झालं, हे मला तुमच्याकडूनच ऐकायचं होतं.

उद्याचं काम: गावच्या हेडमास्तरांना सकाळीच फोन करणे. गुरुजींच्या बहिणीला कमी ऐकू येतं, तरी मानाची म्हणून त्यांची खुर्ची पहिल्या रांगेत, अगदी माइकच्या समोर ठेवावी.